दवाखान्याला हात लावून या

सोनवडच्या टेकडीमागे, उजाड माळावर म्हाताऱ्यांसाठी घरं बांधायची ठरली. आराखड्यावर हरकती ऐकायला जागेवरच मांडव पडला. बिल्डरने पुरणपोळीचा बेत ठेवला होता, त्यामुळे नगररचना अधिकारी कडूसकरसाहेबांचं अर्धं लक्ष चुलीकडे होतं.

"इथून दवाखाना लांब पडेल," द्वारकाक्का म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच इथे राहायला यायचं होतं.

"बाई, नकाशात लिहिलंय, चालत पाच मिनिटं!" साहेब खेकसले. "नकाशा खोटं बोलतो का?"

"छे हो! आमचे ऐंशीचे अण्णा दवाखान्याला हात लावून येतील. ते आले की सही करा आणि पंगत बसवा."

"मंजूर! अण्णा येईपर्यंत कुणी पानाला हात लावायचा नाही!"

अण्णा काठी टेकत निघाले. रस्त्यात भेटेल त्याच्या म्हशीची चौकशी केल्याशिवाय अण्णांनी जन्मात पाऊल पुढे टाकलं नव्हतं, हे अक्कांना चांगलं ठाऊक होतं.

एक वाजला, दोन वाजले. पोळ्या गार झाल्या. साहेबांच्या पोटातले कावळे आता मांडवभर ऐकू येत होते.

चारला अण्णा उगवले. साहेब धावलेच. "लावलात हात?"

"कुठला! टेकडी चढलो आणि मनात आलं, साहेब उपाशी असतील. म्हणून अर्ध्या वाटेतूनच परत आलो."

"मग साहेब," अक्का गोड आवाजात म्हणाल्या, "राहिलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा पाठवू का?"

साहेबांनी आधी आराखड्यावर लाल फुली मारली, मग पोळी मोडली.