विरजणाची शिळा

जरा थांबू या, मला दम लागलाय. ही उंबराखालची काळी शिळा बघा. तिच्यावरचा पांढुरका ओघळ चुन्याचा नाही, दह्याचा आहे. पावसात धुऊन जातो आणि पुन्हा येतो.

हिला विरजणाची शिळा म्हणतात. पूर्वी या पठारावर आम्हा गवळ्यांचं एकच घर होतं म्हणे. लखू गवळी, त्याची बायको ठकूबाई, मुलगा आणि सून भागी. म्हशी राखायच्या, दूध विरजायचं, घुसळायचं, तूप कढवून खालच्या बाजारी न्यायचं. डोंगर उतरेपर्यंत दूध टिकत नसे, म्हणून हा सगळा खटाटोप. पुढं लखूचे हात कापायला लागले. धार कासंडीबाहेर पडू लागली. नवरा म्हातारा होताना ठकूबाईला बघवेना. वर झऱ्यावर पाणजाईचं ठाणं आहे, तिथं तिनं उपास धरला आणि मागितलं, की माझ्या घरात कुणाचंच वय पुढं सरकू नये. एकट्या नवऱ्यासाठी कसं मागायचं, म्हणून तिनं सगळ्या घरासाठी मागितलं. देवीनं दिलं, असं सांगतात.

लखूच्या हातांचा कंप होता तिथंच थांबला. आणि दूध नासेना. आज काढलेलं चार दिवसांनीही ताजंच. गवळ्याला आणखी काय हवं? त्यांनी रवी आढ्याला टांगली आणि दूधच बाजारी न्यायला लागले. दुसरं कुणी असतं तर दचकलं असतं, आमचे लोक मात्र खूश झाले.

भागीला तेव्हा सातवा महिना होता. तो सरेचना. पाऊस आला, गेला, पठारावरचं गवत वाळलं, तरी सातवाच. गोठ्यातली गाभण म्हैसही व्यायेना. भागीला धड बसवत नव्हतं की निजवत नव्हतं. पुढं पुढं तर तिनं कण्हणंही सोडलं, नुसती भिंतीला टेकून असायची. एके दिवशी ठकूबाईनं तिला प्यायला ताक करावं म्हणून दुधाला विरजण लावलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याला म्हातारं करणारं, दुधाचं दही करणारं आणि सुनेच्या पोटातलं मूल वाढवणारं एकच होतं, आणि तिनं तेच अडवून धरलं होतं.

ती पुन्हा झऱ्यावर गेली. देवी म्हणाली म्हणे, की कासंडीभर दूध इथं ओत, अडवलेलं मोकळं होईल. पण ज्याच्यासाठी तू भ्यालीस त्याच्यावर त्याची उरलेली सगळी वर्षं एकदम येतील. ठकूबाई घरी येऊन शेणगोठ्याला लागली. तिला नातवंड हवं होतं आणि नवराही हवा होता. शेवटी लखूनंच खोदून खोदून तिच्याकडून सगळं काढून घेतलं.

"ठके," तो म्हणाला, "माझं म्हातारं व्हायचं थांबलं गं, दमायचं न्हाई थांबलं. आता जाऊ दे मला फुडं."

कासंडी त्यानंच उचलली, ठकूबाई मागून निघाली. झऱ्यावर दूध ओतलं, तळाशी घोटभर राहिलं. उतरताना त्याचे केस पिकत गेले, पाठ वाकत गेली. या शिळेपाशी पाय उचलेना, तेव्हा तो इथं टेकला. खालून घरातून बाळाचं रडणं आलं.

"ऐकलंत का?" ठकूबाईनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मग ती मान वर आली नाही. मांडीवरची कासंडी कलंडली, आणि तिच्यातून या शिळेवर सांडलं ते दूध नव्हतं, घट्ट दही होतं.

आजही आमच्यात सुनेला सातवा लागला, की घरातलं सगळ्यात थोरलं माणूस आपल्या हातानं विरजण लावतं आणि ते दही इथं आणून ओततं. मागणं एकच, माझंही पुढं जाऊ दे आणि तिचंही. तुम्ही व्हा पुढं, वाट सरळ आहे. माझ्या पिशवीत गाडगं आहे. धाकट्या सुनेला परवाच सातवा लागलाय, आणि आमच्या घरात आता माझ्याहून थोरलं कुणी उरलेलं नाही.