डी. एन. पाटलांचा सोळा आकडी नंबर

एका गावात एक भोळा प्राध्यापक होता. प्राध्यापक आणि भोळा, असं कसं, म्हणून विचारू नका. होता. गावाचं नाव नांदखेडे, खान्देशातलं. प्राध्यापकाचं नाव दौलत निंबा पाटील. कागदावर डी. एन. पाटील.

दौलतराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ भरिताच्या वांग्यांच्या वाफ्यात काढायचे. वांग्यात अळी का पडते, या एकाच प्रश्नाने त्यांना पछाडलं होतं. पुष्कळ वर्षं वाकून वाकून पाहिल्यावर त्यांना कळलं, की वांग्याच्या ओळींमध्ये कोथिंबीर लावली तर अळी फारशी येत नाही. त्यांनी यावर एक निबंध लिहिला. तो एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. डी. एन. पाटील या नावाने.

आता खान्देशात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या डी. एन. पाटलालाच लागतो. शेजारच्या जिल्ह्यात दामोदर नथ्थू पाटील म्हणून प्राध्यापक होते. ते सिमेंट शिकवायचे. वांग्याच्या निबंधाबद्दल शेतकरी मेळाव्यात त्यांना बोलावणं गेलं. ते गेले. शाल घेतली, नारळ घेतला, चार शब्दही बोलले. वर्तमानपत्रात फोटो आला.

दौलतरावांनी फोटो पाहिला. फार वाईट वाटलं त्यांना. त्या रात्री घरात भरीत होतं आणि त्यांनी ते खाल्लं नाही. खान्देशात याहून मोठं दुःख नसतं. पुढचा निबंध तयार होत होता, आधीच्यापेक्षा मोठा. निदान तो तरी आपल्या नावावर लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

ते प्राचार्य अहिररावांकडे गेले.

"सर, वांगं माझं आणि शाल सिमेंटला."

"तुमच्याकडे संशोधक क्रमांक नाही ना? मग असंच होणार," प्राचार्य म्हणाले. "अहो, नावं काय, शंभर जणांची सारखी. नंबर एकाचाच. आता नाव विसरा. नंबर म्हणजेच तुम्ही!"

"असं होय! आता कळलं, सर."

दौलतरावांनी संगणकावर नंबर काढला. चांगला सोळा आकडी. घरी येऊन त्यांनी दारावरची 'प्रा. दौलत निंबा पाटील' ही पाटी काढली आणि तिथे सोळा आकडे रंगवले.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. नवाच होता. त्याने दारावरचे आकडे वाचले, पुन्हा वाचले, आणि ओसरीवर बसलेल्या दौलतरावांना विचारलं, "डी. एन. पाटील इथेच राहतात का?"

"नाव सोडा. नंबर बघा."

"पाकिटावर नंबर नाहीये."

"मग ते माझं नाही."

पोस्टमनने पाकीट परत पाठवलं. आत नव्या निबंधाची मुद्रितं होती. तपासून लगेच परत हवी होती. ती गेली परत, आणि निबंध पुढच्या अंकावर पडला.

प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, दाराला नाव लागतं! नंबर संशोधनाला. जिथे तुमचं संशोधन, तिथेच नंबर!"

"असं होय! आता कळलं, सर."

दौलतरावांनी दारावर पुन्हा नावाची पाटी लावली. मग पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन ते वाफ्यात गेले. त्यांचं संशोधन झाडाला लटकत होतं. एकेका वांग्यावर त्यांनी सोळा सोळा आकडे काढले. भरिताचं वांगं मोठं असतं म्हणून बरं. लवंगी मिरची असती तर हाल झाले असते.

त्याच रविवारी प्राचार्यांनी मळ्यात भरीत पार्टी ठेवली होती. विद्यापीठातले पाहुणे येणार होते. वांगी अर्थातच दौलतरावांच्या वाफ्यातली. कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली गेली, लाकडी बडगीत ठेचली गेली. सगळं रीतसर झालं. फक्त भरिताला नुकत्याच रंगवलेल्या खिडकीचा वास येत होता. पाहुण्यांनी पहिला घास तोंडात घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी कळण्याची भाकरी नुसत्या मिरचीशी खाल्ली.

"वांग्यावर नंबर?" प्राचार्य ओरडले. "अहो, संशोधन म्हणजे छापलेलं! संगणकात जा. तिथे डी. एन. पाटील या नावावर छापलेलं जे जे दिसेल, त्याच्यापुढे 'हे माझं' म्हणून खूण करा. एवढंच करा!"

"असं होय! आता कळलं, सर."

दौलतराव संगणकापुढे बसले. डी. एन. पाटील या नावावर बरंच काही दिसलं. सिमेंटला तडे का जातात. उंटाचं मूत्रपिंड. जुन्या हस्तलिखितांतले अभंग. अडलेल्या बाळंतपणाच्या शस्त्रक्रिया. आणि मध्येच कुठेतरी वांगं. त्यांना जरा नवल वाटलं. पण सरांनी 'जे जे' म्हटलं होतं. त्यांनी सगळ्यांवर खूण केली.

सकाळी उठले ते महाविद्वान होऊनच. कॉलेजच्या फलकावर खडूने अभिनंदन लिहिलं गेलं. या वेळी प्राचार्य ओरडले नाहीत. कॉलेजची पत मोजायला समिती येणार होती, आणि समितीला एवढं संशोधन दाखवता येणार असेल, तर उंट कुठून आला हे कोण विचारतो?

मग लोक सल्ला विचारू लागले. एका अभियंत्याने पुलाला तडे गेल्याचं कळवलं. दौलतरावांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "पाणी एक दिवसाआड द्या. निंबोळी अर्क फवारा." पाठोपाठ एका डॉक्टरीणबाईंनी अवघड बाळंतपणाबद्दल विचारलं. त्यांना त्यांनी लिहिलं, "फळ देठासकट काढावं."

पत्नी कोकिळाबाईंनी ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "तुमले काही समजस का नही? बाईमाणूस शे ते, वांगं नही!"

आणि मग सिमेंटवाल्या दामोदररावांचा फोन आला. थेट प्राचार्यांना. "तुमच्या माणसाने माझं सिमेंट चोरलं!"

हाच माणूस वांग्याची शाल पांघरून घरी गेला होता. पण आरडाओरडा जो आधी करतो तो खरा, हे विद्वानांतही आहेच. समिती येण्याआधी प्राचार्यांना भानगड नको होती. ते दौलतरावांना म्हणाले, "अहो, दुसऱ्याचं घ्यायचं नसतं! द्यायचं असतं. सगळ्या डी. एन. पाटलांना बोलवा, माफी मागा, मन मोठं करा आणि हा गोंधळ कायमचा मिटवा. परत एकाचीही तक्रार येता कामा नये!"

"असं होय!" दौलतराव म्हणाले. "आता सगळंच कळलं, सर."

त्यांनी सगळ्यांना भरितावर बोलावलं. वांगी बिनरंगाची होती. दामोदरराव आले. उंटवाले दयाराम नामदेव आले. अभंगवाले धोंडू नारायण आले. बाळंतपणवाल्या डॉक्टर दीपाली नितीन पाटील नागपूरहून आल्या. खूण काढून घेतली होती, माफी मागून झाली होती, भरीत झकास जमलं होतं. तरी प्रत्येकाचं रडगाणं तेच. माझं काम त्याच्या नावावर, त्याचं माझ्या नावावर. दीपालीताईंना तर एकदा उंटाच्या जत्रेचं निमंत्रण आलं होतं.

दौलतरावांना सगळ्यांची दया आली. ते उभे राहिले.

"मंडळी, नावामुळे गोंधळ होतो. नंबराने मिटतो. तुमच्याकडे नंबर आहे का?"

कोणाकडेच नव्हता.

"माझ्याकडे आहे," दौलतराव म्हणाले. "चांगला सोळा आकडी आहे. आजपासून तो आपल्या सगळ्यांचा."

"आणि मान-सन्मान कोणाला?" दामोदररावांनी विचारलं. त्यांना शालीची सवय लागली होती.

"पाटाच्या पाण्यासारखं करू. पाळीने. ज्या महिन्यात ज्याची पाळी, त्या महिन्यात येईल ते त्याचं. पहिली पाळी दामोदररावांची, कारण मी त्यांचं मन दुखवलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी सोपी युक्ती आजवर कोणाला सुचली नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. यातले बहुतेक जण पीएच. डी. होते.

त्याच महिन्यात दौलतरावांचा मोठा निबंध छापून आला. नंबरासकट. लोकांनी वाचला, वाखाणला, आणि एका संस्थेने त्याला वर्षाचा उत्तम संशोधनाचा पुरस्कार जाहीर केला.

पोस्टमन पाकीट घेऊन धावतच आला. मागच्या वेळेपासून त्याला ते सोळा आकडे पाठ झाले होते.

"सर! या वेळी नाव पण आहे आणि नंबर पण आहे!"

दौलतरावांनी पाकीट उलटंसुलटं करून नीट पाहिलं. नाव डी. एन. पाटील. नंबर तोच. गाव नांदखेडे. आत वांग्याचाच पुरस्कार होता, हे त्यांना न उघडताही कळलं. त्यांनी ते एक क्षण छातीशी धरलं.

"आहे खरा," ते म्हणाले. "पण या महिन्याची पाळी माझी नाही."

आणि पाकिटावर दामोदररावांचा पत्ता लिहून त्यांनी ते पोस्टमनला परत दिलं.

पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो आला. दामोदररावांच्या अंगावर शाल, हातात मानपत्र, मागे फलकावर वांग्याचं मोठं चित्र. कोकिळाबाई ताटात भरीत वाढत होत्या. फोटो पाहून त्यांचा हात थांबला. आता हा माणूस पुन्हा उपाशी झोपणार, असं त्यांना वाटलं.

दौलतरावांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. मानपत्रावरचे आकडे त्यांनी बोट ठेवून एकेक वाचले. सगळे बरोबर होते. त्यांचा चेहरा फुलला.

"बघ," ते म्हणाले, "अखेर माझा नंबर लागला."

आणि त्या रात्री त्यांनी भरीत दोनदा मागून घेतलं.