मधल्या तुळईची कडी

“…मग हिनं काय पेललंय, तेवढं सांग.”

आक्का मान वर करून उभ्या होत्या. काठी बगलेत, एक हात कमरेवर. नव्या सभामंडपाच्या छताखालून पाच तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. काळसर, तांबूस, वर्षानुवर्षं धूर खाल्ल्यासारख्या.

“काही नाही,” केतकी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. “हिनं काही पेलायचंच नाही, आक्का. स्लॅब आपल्या खांबांवर उभा आहे. उलट स्लॅबनंच हिला धरलंय.”

“म्हणजे छप्पर तुळईला पेलतंय.”

“हो.”

“मजा आहे तिची.”

आक्का एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या तुळईखाली गेल्या.

नदीकाठच्या त्या दत्तमठात आक्का सगळ्यांच्या गुरू. मठाचा जुना लाकडी मंडप वाळवीनं आतून खाल्ला, म्हणून उतरवावा लागला. त्या जागी सिमेंटचा झाला. भक्कम, पांढरा, कोरा. लोक यायचे, पादुकांना नमस्कार करायचे आणि बूड न टेकता निघून जायचे. गोडाऊनात बसल्यागत वाटतं, म्हणायचे.

केतकी कोल्हापूरला इंटिरियर डिझाइन शिकून आलेली. आक्कांकडून अनुग्रह हवा, म्हणून मागे लागलेली. आक्का हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. एकदा मात्र म्हणाल्या, “माणसं इथं बसत नाहीत. त्यांना बसतं कर. मग बघू. आणि थोडक्यात कर हो, मठ गरीब आहे.”

केतकीनं थोडक्यात केलं.

“ओळखा ना कसलं लाकूड आहे,” ती म्हणाली.

“तूच सांग. तुझ्या पोटात राहायचं नाही ते.”

“पॅकिंगची खोकी! कारखान्यात मशिनं येतात ना, त्या खोक्यांच्या फळ्या. पातळ आणि हलक्या. तीन फळ्या जोडायच्या, वरून उघड्या ठेवायच्या, पन्हळीसारख्या. स्लॅबला आधी एक लाकडी पट्टी ठोकायची, पन्हळ खालून तिच्यावर चढवायची आणि बाजूनं स्क्रू. बस. एकटी मी उचलते.”

“आणि हा रंग?”

“रंग नाहीच तो.” केतकीचे डोळे चमकले. “तारेच्या ब्रशनं लाकूड खरवडलं. मऊ भाग निघून जातो, रेषा वर येतात. मग चहाचा दाट काढा फासला. वरून व्हिनेगर, त्यात भांडी घासायची तारेची घासणी भिजत घातलेली. ते पाणी लागलं, की लाकूड डोळ्यांदेखत म्हातारं होतं.”

“अगं बाई!”

“साखळीनं बडवलं, म्हणजे पोचे आले. वाकसाचे घाव घातले, जुना सुतार घालायचा तसे. शेवटी मेण.”

आक्कांनी काठीनं वर दाखवलं. “आणि ही?”

मधल्या तुळईच्या पोटाला एक लोखंडी कडी होती. जाड, झिजलेली.

“जुन्या मंडपाची. भंगारात पडली होती. म्हटलं, शोभेला बरी.”

“शोभेला.”

“हो. कडी दिसली, की कुणाला शंकाच येत नाही.”

आक्का कडीच्या बरोबर खाली जाऊन उभ्या राहिल्या.

“लोकांना सांगितलंस का, हे खोक्याचं आहे म्हणून?”

“सांगितलं तर मग कसं वाटेल त्यांना? खोकंच दिसेल. न सांगण्यातच तर सगळी गंमत आहे.”

“बरं.”

“मग आक्का… आज दत्तजयंती आहे. अनुग्रहाचं?”

“संध्याकाळ तर होऊ दे,” आक्का म्हणाल्या आणि फुलं निवडायला गेल्या.

*

ऊन उतरलं तशी माणसं आली. नेहमीसारखी दारातूनच नमस्कार करायच्या बेतानं. पण दारात थबकली आणि वर बघायला लागली.

“आयला! तुळया बसवल्या की!”

“सागवानी हाय बघ. रंगावरनं कळतंय.”

“सागवानी न्हवं, शिसवी. आमच्या आज्याच्या सोप्याला होती.”

“तुझ्या आज्याला सोपा तरी होता काय रं?”

हसतहसत माणसं आत आली. मग टेकली. मग मांडी घातली. भिंतीला पाठ लावून कुणी पानाची चंची काढली. मंडप बघताबघता भरला.

केतकी खांबाशी उभी होती. कुणी वर बघितलं, की ती त्या माणसाकडे बघायची.

शेवंताकाकू आल्या. मठाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नातू जन्मून महिनाही झाला नव्हता. त्याला पदराआड धरून सून मागून येत होती. काकू मधल्या तुळईखाली उभ्या राहिल्या. पुतण्याला म्हणाल्या, “संपत, जरा स्टूल धर.” त्या वयात स्टुलावर चढल्या. तुळईवर तळवा ठेवला आणि रडायलाच लागल्या.

“हिच्याखालीच नाव ठेवलं माझं,” त्या म्हणाल्या. “आईनं सांगितलेलं. तीच कडी की गं ही! तीच!”

दोघीतिघींनी डोळे पुसले.

जमलं, केतकीला वाटलं. आक्कांनी हे बघायला हवं होतं. तिनं वळून पाहिलं. आक्का पादुकांशी बसून हार ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पाळणा आला.

त्या मठात एक रीत आहे. दत्तजन्माचा पाळणा आधी देवासाठी हलत नाही. गल्लीतलं त्या वर्षीचं सगळ्यात लहान मूल त्यात ठेवायचं, एक पाळणा त्याच्यासाठी म्हणायचा आणि मग त्या उबेवर देवाला निजवायचं. गेली काही वर्षं मंडप नव्हता, म्हणून रीत बंद होती. केतकीनं ती कधी पाहिलीच नव्हती.

पाळणा जुना, शिसवाचा. दोघांनी धरून आणला. पाटावर ठेवला, तेव्हा फरशीवर धप्पकन आवाज झाला आणि केतकी दचकली.

“कडी आली, आता काय अडचण न्हाई,” संपत म्हणाला. तो स्टुलावर चढला. त्यानं कडीतून दोर ओवला आणि एक टोक खाली सोडलं. दोन बायकांनी ते पाळण्याच्या चारी साखळ्यांना बांधलं. मूल ठेवायचं, दुसरं टोक ओढायचं, की पाळणा वर.

केतकीनं कडीकडे बघितलं.

चार स्क्रू. पातळ फळी. कडीला मागून नुसता एक वायसर…

आता सांगावं? काकूंचे डोळे अजून ओले होते. माणसं पहिल्यांदाच मांडी घालून बसली होती. एवढं कशाला? नुसतं म्हणावं, पाळणा यंदा खालीच ठेवूया. म्हणावं, दोर जुना वाटतोय. काहीतरी म्हणावं. ती खांबाशीच उभी राहिली.

“आणा इकडं त्याला,” आक्का म्हणाल्या.

सुनेनं मूल आक्कांच्या हातात दिलं. आक्का उठल्या. मुलाला छातीशी धरून मंडपाच्या मध्यावर आल्या. पाळण्याशी थांबल्या. वर बघितलं, कडीकडे. मग खांबाकडे.

“केतकी.”

“…आक्का.”

“ठेवू?”

सगळ्यांनी वळून केतकीकडे बघितलं. हिला कशाला विचारतायत, हे कुणालाच कळेना.

मूल झोपेत ओठ हलवत होतं. आक्का उभ्या होत्या. त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही, परतही दिलं नाही.

“ठेवू का?” त्या पुन्हा म्हणाल्या. अगदी हळू, मीठ घालू का म्हणून विचारावं तसं.

“नका!”

केतकीचा आवाज एवढा मोठा आला, की तिची तीच घाबरली.

“नका ठेवू. ती तुळई नाही. खोक्याच्या फळ्या आहेत. आतून पोकळ आहे. कडी नुसती शोभेची आहे. काही पेलणार नाही ती. संपतदादा, दोर सोडा आधी!”

संपतनं दोर असा सोडला, जसा काही साप हातात होता.

दोराचं टोक फरशीवर पडलं.

मग कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे शिसवी न्हवं.”

“आज्याला सांग आता तुझ्या.”

थोडं हसू झालं. शेवंताकाकू हसल्या नाहीत. त्या केतकीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी खोक्याला हात लावून रडले?”

“हो, काकू.”

“आणि तू बघत हुतीस?”

“…हो.”

“बरं वाटलं आसंल.”

“वाटलं,” केतकी म्हणाली.

काकूंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. सून पुढे झाली आणि मुलाला घ्यायला हात पसरले. “द्या, आक्का. चला आत्या, घरी जाऊ.” मागची दोन माणसं उठली. आणखी एकानं पानाची चंची गुंडाळली.

आक्कांनी मूल दिलं नाही. त्या केतकीकडेच बघत होत्या. वाट बघितल्यासारख्या.

केतकीनं डोळे मिटले. उघडले. मग पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टुलावर चढली.

“संपतदादा, त्या टोकाला धरा.”

“एकट्यानं? मेलो की मी!”

“धरा तर.”

स्क्रू एकेक करून खाली पडले. संपतनं पाय फाकले, दात आवळले, दोन्ही हात वर करून पूर्ण जोर लावला… आणि तुळई कापसासारखी हातात आली. तो तसाच मागे सरकला आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर बसला.

आता मंडप खदखदून हसला. उठलेली माणसं बघायला म्हणून पुन्हा बसली.

केतकी तुळई खांद्यावर घेऊन उतरली आणि तिनं ती सगळ्यांसमोर पालथी घातली. आतून कोरं पांढरं लाकूड. त्यावर कारखान्याचा निळा शिक्का, आणि बाण: ही बाजू वर.

“अगदी खरी वाटली गं,” कुणीतरी म्हणालं.

“त्यासाठीच केली होती,” केतकी म्हणाली. “वर बघा.”

सगळ्यांनी वर बघितलं. तुळई होती तिथं स्लॅबमधून एक हुक खाली आला होता. काळा, बेढब, त्याच्याभोवती सिमेंटचे ओघळ.

“पंख्याचा. स्लॅब ओतला तेव्हाच सळईला अडकवून आत बसवलेला. पंखे भिंतीवर लावले, म्हणून हा मोकळाच राहिला. फार घाण दिसत होता. तो झाकायला तर मधली तुळई इथं आणली मी.”

तिनं दोर कडीतून आणि पाळण्याच्या साखळ्यांतून सोडवला. मग पुन्हा स्टुलावर चढून तो हुकातून घेतला, दुहेरी केला. कुणाला काही कळायच्या आत दोन्ही हातांनी दोर धरून तिनं स्टूल पायानं बाजूला ढकललं.

बायका किंचाळल्या.

केतकी लटकत होती. पाय जमिनीपासून वर, ओढणी एका बाजूला. तिनं अंगाला झोका दिला. एकदा. आणखी जोरात. हुक हललासुद्धा नाही. वरून खडाभर सिमेंटही पडलं नाही.

“संपतदादा, तुम्हीपण या!”

“नगं बाई, मी हितं बराय.”

“त्याला उठवा कुणीतरी,” म्हातारा म्हणाला. “मांडी माझी हाय.”

शेवंताकाकू पुढे आल्या. दोराला हात लावला. वर हुकाकडे बघितलं, मग लटकणाऱ्या पोरीकडे.

“उतर आता,” त्या म्हणाल्या. “माकडासारखी.”

केतकी उतरली. हाताचे तळवे लाल झाले होते. तिनंच दोर पाळण्याच्या साखळ्यांना पुन्हा बांधला, प्रत्येक गाठ ओढून बघितली. सुनेनं पसरलेले हात मागे घेतले होते.

मंडप बसलेला होता. एका जागी छत उघडं पडलं होतं. चार तुळया, मध्ये सिमेंटचा पट्टा, त्यातून आलेला हुक. कुणी पान लावत होतं. कुणी पालथ्या तुळईवर बोटानं टकटक करून बघत होतं आणि शेजाऱ्यालाही करायला लावत होतं.

केतकी आक्कांसमोर येऊन उभी राहिली. कपाळावर घाम, केसांत लाकडाचा भुसा.

“ही उद्या परत चढवू ना, आक्का?”

“चढव की. छान आहे.”

“कडी काढून टाकते.”

आक्कांनी कुशीतल्या मुलाला सारखं केलं.

“आणि…” केतकी घुटमळली. मग सरळ विचारलं. “अनुग्रहाचं काय?”

पाळण्यात मूल ठेवायचं ते मठाच्या गुरूंनी. दुसऱ्या कुणी ठेवलेलं त्या मंडपात कुणाला आठवत नव्हतं. बायकांनी पाळणा म्हणायला घसे साफ केले. आक्का वाकतील म्हणून सगळे बघत होते.

आक्का वाकल्या नाहीत. त्यांनी कुशीतलं मूल अलगद पुढे केलं.

“धर,” त्या म्हणाल्या. “मानेखाली हात घाल.”