गोजराच्या गोधडीचा काठ

धोंडेवस्तीतल्या जुन्या घरांत दांडीवर एखादी तरी गोधडी अशी दिसतेच: मधे लहान पोराच्या मापाची, नेटकी, आणि भोवती नाना रंगांचे बेंगरूळ काठ. पाहुणे हसतात. हसोत, वस्तीला त्याची सवय आहे.

फार मागे इथे गोजरा नावाची बाई राहत होती, असे सांगतात. गोधडी शिवावी तर तिनेच. टाके तांदळाच्या कणीएवढे. तिची एकुलती लेक मैना तापाने गेली. बाया रडायला जमल्या, पण गोजराच्या डोळ्यांत टिपूस नाही. मैनेची गोधडी अंगावर ओढून ती जी आडवी झाली, ती उठेचना.

पौषातली थंडी. गोधडी पोरीच्या मापाची, त्यामुळे गोजराचे पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे, काळेनिळे पडलेले. ते तिला दिसत होते म्हणे, पण आपले वाटत नव्हते. वरून कुणी घोंगडी टाकली की ती ढकलून देई. गोधडी काढू गेले की मुठी आवळी. अशाने हीपण जाणार, हे सगळ्यांना कळत होते.

तिची धाकटी जाऊ हौसा शिवणात अगदीच ढ. पण तीच म्हणाली, "काढू देत न्हाई, तर अंगावरच वाढवू."

"पुऱ्या झालेल्या गोधडीला परत सुई लावत न्हाईत, हौसे," म्हाताऱ्या म्हणाल्या.

"मग बसा बघत."

आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून हौसा पायथ्याशी बसली. तिला बघून बाकीच्याही बसल्या. काठ चढत गेला, पाय झाकले गेले. गोजराला सुया खालीवर होताना जाणवत होत्या. राग नाही, माया नाही, काहीच वाटत नव्हते. शिवत शिवत हौसा उशाशी आली आणि तिचा एक टाका पडला बोटभर लांब. गोजराची नजर तिथे अडकली.

"टाका मोठा पडलाय," ती म्हणाली. मैना गेल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "उसव."

हौसाने उसवला. पुन्हा घातला, तर दुसराही मोठाच पडला. तेव्हा गोजराने गोधडीतून हात बाहेर काढला आणि सुई मागून घेतली.

आजही इथे लेकरू गेलेल्या घरी बाया समजुतीचे बोल बोलत नाहीत. लेकराची गोधडी आईच्या अंगावर घालतात, भोवतीने काठ शिवायला बसतात, आणि तिच्या डोळ्यांसमोर एक टाका मुद्दाम मोठा घालून थांबतात. कधी ती लगेच बोलते. कधी दिवस मावळतो, दिवा लागतो, तरी ती गप्पच असते. कुणी उठत नाही.