वीतभर बांध आणि सगूची वेणी

राजाराणीच्या गोष्टी तुम्ही ढिगाने ऐकल्या असतील. ही गोष्ट आहे एका मुलीची, तिच्या गुंतलेल्या केसांची आणि एका बांधाची.

मुलीचं नाव सगुणा, पण सगळे तिला सगूच म्हणायचे. आठ वर्षांच्या सगूला आई नव्हती. घरात ती आणि तिचे आबा, अशी दोघंच. परकराला तीन ठिगळं होती. एक निळं, एक तांबडं आणि तिसरं कुठल्या रंगाचं, ते धुऊन धुऊन आता सांगता येत नव्हतं. ताटात भाकरी-चटणी असायची, कधी नुसतीच भाकरी. पण सगूला त्याचं काही वाटत नसे. तिला रडू यायचं ते वेणी घालताना. आबा बिचारे जीव लावून वेणी घालायचे, पण नांगर धरणारा हात तो! वेणी व्हायची बैलाच्या कासऱ्यासारखी, आणि निम्म्या गाठी तशाच राहायच्या.

आधी तिची वेणी काकू घालायची. काकू म्हणजे गुणाजीकाकांची बायको. काका आणि आबा सख्खे भाऊ, दोघांची रानं शेजारी शेजारी, मधे फक्त एक बांध. हा बांध चांगला चार हात रुंद होता. त्यावर होती एक बोर, पिवळा तरवड, मऊमऊ गवत आणि इकडून तिकडे पळणाऱ्या खारुताया. सगू टुणकन बांध ओलांडायची, काकूच्या मांडीवर बसायची, आणि काकू मायेनं एकेक गाठ सोडवायची.

मग काय झालं कोण जाणे, बांध बारीक व्हायला लागला! यंदा थोडा, पुढच्या साली आणखी थोडा.

"गुण्यानं बांध कोरला," आबा म्हणायचे.

"दादानं बांध कोरला," काका म्हणायचे.

बांध कोरणं म्हणजे नांगरता नांगरता, कुणाचं लक्ष नाही असं बघून, नांगर हळूच बांधात घालायचा आणि एक तास आपल्या रानात ओढून घ्यायचं. नांगर एकदा फिरला की जी चर पडते ना, तिला तास म्हणतात. होता होता बांध उरला वीतभर, आणि भावाभावांचं बोलणं उरलं तेवढंही नाही. अक्षय तृतीयेला तर आबांनी सगूला बजावलंच, "खबरदार, बांध ओलांडशील तर!"

तेव्हापासून सगू अलीकडे आणि काकू पलीकडे. काकू लांबूनच हातातली फणी उंच करून दाखवायची. सगू आपली वेणी हलवून दाखवायची. दोघीही हसायच्या, आणि मग दोघीही पदराला, परकराला डोळे पुसायच्या.

एके दुपारी सगू बांधावर आली. बोरीची मुळं उघडी पडली होती. माती कोरून नेल्यावर झाड धरणार तरी कशाला? "बोरीबाई, पडू नकोस हं," असं म्हणत सगूनं परकराचा ओचा भरून माती आणली आणि मुळांवर पसरली. एक ओचा झाला, दोन झाले, दहा झाले. तेवढ्यात खालून आवाज आला.

"अगं, माती नंतर टाक! आधी हे ढेकूळ उचल की! मी चिपाडासारखी चपटी झाले!"

सगूनं घाईघाईनं ढेकूळ उचललं, आणि अगंबाई! खाली होती करंगळीएवढी परी! अंगात गोकर्णीच्या निळ्या निळ्या पाकळीचा झगा, डोक्यावर दवाच्या सात थेंबांचा चमचमता मुकुट, आणि पंख सोनपाखरासारखे हिरवे-सोनेरी. एक पंख मात्र टर्रकन फाटला होता.

"मी बांधपरी," नाक उडवत परी म्हणाली. "इथंच राहते. राहते म्हणजे काय, कुशीवर निजते! पंख पसरायला जागा ठेवलीय का कुणी? बांध चार हात होता तेव्हा मी सात वर द्यायचे. आता दोन देते, तेही कसेबसे. तू माझ्या बोरीला माती दिलीस, म्हणून ते दोन तुझे."

सगूचे डोळे लुकलुकले. "आबांची आणि काकांची गट्टी होऊ दे!"

"थांब, थांब! माझे नियम ऐकले नाहीस. वर मागायचा तो बांधावर उभं राहून. बांधाच्या एका अंगाला जे होईल, ते दुसऱ्या अंगाला तेवढंच होणार. आणि कुणाचं मन मी फिरवत नाही. ज्याचं मन, त्यानंच ते फिरवायचं."

सगू हिरमुसली. काकूची मांडी केवढीशी लांब, आणि परीलाही तिथं पोचवता येऊ नये! मग तिचं लक्ष त्या फाटक्या पंखाकडे गेलं. "खूप दुखतंय का गं?"

"दुखेल नाही तर काय!"

सगू बांधावर उभी राहिली. "मग तुझा पंख बरा होऊ दे."

झिलमिल, झिलमिल! पंख सांधला, आणि नियमाप्रमाणे दुसराही तेवढाच झळाळला. परी बघतच राहिली. "वेडे! परीसाठी कुणी वर मागतं का?" असं म्हणून तिनं गुपचूप नाक पुसलं.

"परी, खरं सांग, बांध कुणी कोरला?"

"चुगली मी करत नाही. पण माझी माती माझ्या डोळ्यांना ओळखू येते, कुठंही नेऊन टाका. माणसांना तेवढी नजर नाही, हेच तर दुखणं आहे सगळं."

त्याच संध्याकाळी वारा सुटला आणि बोर काकांच्या रानाकडे कलली. झालं! "गुण्यानं ओढून घेतली," आबा कडाडले. "दादानं मुळं तोडली," काका गरजले. सकाळ होते न होते तोच दोघांनीही बैल जुंपले. अलीकडे आबांचा नांगर, पलीकडे काकांचा. दोघांनाही उरलेला वीतभर बांध हवा होता.

सगूनं दोन्ही नांगर पाहिले. हा बांध मोडला, तर परी बेघर होणार. आणि हे भांडण पेटलं, की काकूची फणी जन्मात तिच्या केसांना लागायची नाही! ती धावत सुटली आणि बांधावर जाऊन मधोमध उभी राहिली. इकडून मोऱ्या बैल फुसफुसला, तिकडून तांबड्या.

"सगे, बाजूला हो!" आबा ओरडले.

सगू जागची हलली नाही. एकच वर उरला होता. नवा परकर मागता आला असता, ताटभर शिरा मागता आला असता. तिनं डोळे गच्च मिटले आणि ती म्हणाली, "बांधाची माती सगळ्यांना ओळखू येऊ दे!"

फुर्रर्र! काकांच्या रानात, पार कडेच्या चार तासांतून, पिवळीधमक सोनकी उगवली. हजारो इवली इवली फुलं लखलख करायला लागली.

"बघा!" आबांनी उडीच मारली. "बांधाची माती तिकडं! मी सांगत नव्हतो? चोर कोण ते आता..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांच्याच बैलांच्या पायांखालून सोनकी वर येत होती. त्यांच्याही रानात एक, दोन, तीन, चार तासं पिवळीधमक!

सगूला फार वाईट वाटलं. आबा कधी असं करणार नाहीत, हे तिनं किती जणांना शपथेवर सांगितलं होतं! "आबा?" ती हळूच म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. "त्यानं एक तास घेतलं असं वाटलं, म्हणून मी एक घेतलं पोरी."

"मलाही तसंच वाटलं, दादा," काका पुटपुटले. "दर साली वाटायचं."

तेवढ्यात काकू पदर खोचून पुढे आली. तिनं बोट नाचवत इकडची तासं मोजली, तिकडची मोजली, आणि कमरेवर हात ठेवले.

"चार इकडं, चार तिकडं! काय भावजी, अन् काय हो तुम्ही! शोभता खरे एका आईची लेकरं!"

आणि ती खो खो हसली. आधी काकांना हसू फुटलं, मग आबांना. आबा इतके हसले की नांगराला धरून खालीच बसले, आणि हसता हसता रडायला लागले. काका बांध ओलांडून आले आणि त्यांनी थोरल्या भावाचे पाय धरले. आबांनी त्यांना उठवलं आणि पाठीत एक धपाटा घातला. मग पोटाशी धरलं.

त्या दिवशी बैल सोडले आणि फावडी घेतली. फुलांसकट माती दोघांनी मिळून मधे ओढली, बोर सरळ केली, मुळं झाकली. दिवस मावळायच्या आत बांध पुन्हा चार हात रुंद झाला, डोक्यापासून पायापर्यंत सोनकीनं पिवळा!

त्या फुलांतून परी वर आली. तिनं पंख पसरले, अगदी मनासारखे, ऐसपैस. "घर दिलंस गं माझं मला," ती म्हणाली, आणि सगूच्या परकरावरून अलगद फिरली. तिसरं ठिगळ, ते बिनरंगाचं, सोनकीसारखं पिवळं झालं. मग एवढा लख्ख उजेड पडला की सगूनं डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. फुलं तेवढी हलत होती.

"सगे, ये गं इकडं," काकूनं हाक मारली. काकू बांधावरच बसली होती, हातात फणी. सगू धावत गेली आणि तिच्या मांडीवर बसली, एक पाय आबांच्या रानाकडे, एक काकांच्या.

"अगं बाई, किती या गाठी!"

"सगळ्या सुटतील ना, काकू?"

"न सुटायला काय झालं? बस अशीच."

तर बाळांनो, त्या बोरीची बोरं आता दोन्ही अंगांना सारखीच पडतात. कधी तिकडून गेलात तर ओंजळ भरभरून घ्या, कुणी काही म्हणणार नाही. बांध तेवढा कोरू नका, खाली कुणीतरी पंख पसरून निजलेलं असतं!