एकदाही न हरलेले अध्यक्ष

"मैनाचं नाव यादीतून कापलं म्हणे, आणि..." एवढं नळावर कानी पडताच शेजारच्या कमलकाकू बॉक्सिंग क्लबात धावल्या. वजनगट न बघता आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा बॉक्सरांचा फलक तिथं लागणार होता.

एकशेवीस किलोंचे अध्यक्ष ढमढेरे पहिल्या नंबरावर स्वतःचं नाव लिहून म्हणत होते, "मैना, चाळीस लढतींत तू दोनदा हरलीस, म्हणून तुझं नाव कापतोय. मी एकदाही हरलो नाही!"

"तुमच्या वजनगटात दुसरं कुणी उतरलंच नाही, साहेब," मैना म्हणाली. "मग पहिलं नाव आमच्या काकूंचं लिहा. त्याही कधी हरल्या नाहीत."

"त्या कुठं लढल्या?"

"आणि तुम्ही?"

काकूंनी पदर खोचून मुठी वळल्या. सगळा क्लब खो-खो हसला. अध्यक्षांनी पेन उचलून पहिल्या नंबरावरच्या स्वतःच्या नावावर रेघ ओढली.

नाव कापलं गेलं, एवढं मात्र खरं निघालं.