करडाची आई आणि दमलेली जीप

एक होतं करडू. एवढंसं.
त्याची होती आई. आई मोठी, करडू छोटं.
आई चालायची, करडू पळायचं. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

एकदा आईच्या पायात काटा गेला. जीपवाल्या गेनूकाकांनी आईला जीपमध्ये बसवलं. डोंगराखाली, जनावरांच्या डॉक्टरांकडे सोडलं.
"संध्याकाळी आणतो हं तिला," करडाला म्हणाले.
पण परत येताना, गावाच्या तोंडाशीच... कट्ट!
जीप थांबली.

संध्याकाळ झाली. आई आली नाही.
करडू निघालं. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"जीपताई, जीपताई, आईला आण ना!
माझी आई येत नाही."
"मी नाही हलत. दमले रे बाबा. गिअर फिरेल, तर मी हलेन."

जीपच्या पोटात होता गिअर. गोल गोल, दातच दात. एक दात मात्र तुटलेला.
करडू जीपखाली शिरलं. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.
"गिअरदादा, गिअरदादा, फिर ना!
जीप हलत नाही,
माझी आई येत नाही."
"मी नाही फिरत. दमलो रे बाबा. दात तुटला, मिस्त्रींनी नवा बसवला. तोही तुटला. हा दांडा मला पिळतो. तो पीळ सोडेल, तर मी फिरेन."

तिथेच होता दांडा. लांबच लांब, पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत.
"दांडेमामा, दांडेमामा, पीळ सोडा ना!
गिअर फिरत नाही,
जीप हलत नाही,
माझी आई येत नाही."
"मी नाही सोडत. दमलो रे बाबा. पुढची चाकं एक म्हणतात, मागची भलतंच. चाकं जोडीने चालतील, तर मी पीळ सोडेन."

करडू चाकांकडे गेलं. टुपुक... टुपुक.
"चाकांनो, चाकांनो, जोडीने चाला ना!
दांडा पीळ सोडत नाही,
गिअर फिरत नाही,
जीप हलत नाही,
माझी आई येत नाही."
तीन चाकं म्हणाली, "आम्ही चालतोच की नीट! ते छोटं बघ. तेच मेलं पळतं!"

चौथं चाक होतं छोटं. धुळीने माखलेलं.
"मला काय हौस आहे?" ते म्हणालं. "ती मोठी, मी छोटं. ती चालतात, मला पळावं लागतं. दमलंय रे बाबा. कुणी मला सोडवेल, तर मी थांबेन."

करडाने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याचेही पाय दुखत होते.
त्याला सगळं कळलं.

आंब्याखाली बसले होते गेनूकाका आणि रंगू मिस्त्री. दोघं भांडत होते.
"मी दात बसवतो, तुम्ही तोडून आणता!"
"मी काय चावून तोडतो का, मिस्त्री?"

करडू आलं. टुपुक... टुपुक.
"गेनूकाका, गेनूकाका, छोट्या चाकाला सोडवा ना!
छोटं चाक थांबत नाही,
चाकं जोडीने चालत नाहीत,
दांडा पीळ सोडत नाही,
गिअर फिरत नाही,
जीप हलत नाही,
माझी आई येत नाही."
"मी नाही सोडवत. दमलो रे बाबा. आपलं चाक पंक्चर झालं, म्हणून दुसऱ्या जीपचं घातलं. एवढंसं तर लहान आहे! त्याने काय होतंय?"

"काय? दुसऱ्या जीपचं?"
मिस्त्री ताडकन उठले. खिशातून सुतळी काढली. मोठ्या चाकाभोवती गुंडाळली. बरोब्बर पुरली.
मग छोट्या चाकाभोवती गुंडाळली. हे एवढं टोक उरलं!
"अहो गेनूभाऊ!" मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "काटा पायात, आणि आपण बसलोय दात बघत!"

मग मिस्त्रींनी गिअरला नवा दात बसवला. गेनूकाकांनी पंक्चर काढलं. मोठं चाक चढवलं, छोटं चाक सोडवलं.

छोटं चाक थांबलं.
चाकं जोडीने चालली.
दांड्याने पीळ सोडला.
गिअर फिरला.
जीप हलली. घर्र घर्र घर्र!
करडू वाट बघत बसलं.
घर्र घर्र घर्र! जीप परत आली.
आणि आई आली!

आईच्या पायाला पांढरी पट्टी. आई हळूहळू चालली.
करडूही हळूहळू चाललं. आज पळायचं नव्हतं.
दोघं जोडीने चालली. टुपुक... टुपुक...

छोटं चाक आंब्याला टेकून झोपलं.
करडू आईला टेकून झोपलं.
गोष्ट ऐकून दमलास ना रे बाळा? ये, तूही टेक.